डोळा फुटेपर्यंत

मे महिना, सक्करदरा, रात्रीचे साडेअकरा.
कूलरची खस वाळून कुरकुरीत,
पंप पाण्याऐवजी नुसता आवाज फेकतोय.
शालिकराम मामांच्या खोलीत
शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडवर तो संगणक,
बारा वर्षं सहसा न विझलेला,
पोटात दोन हजार तीनशे सोळा नोंदी,
नागपूरच्या झाडांच्या.

कुठल्या वळणावरचा कडुनिंब कधी तोडला,
अंबाझरीच्या काठी अर्जुनाची साल कधी सुटते,
सेमिनरी हिल्सचा पळस यंदा किती दिवस उशिरा,
सगळं त्यांनी एका बोटानं टाइप केलेलं.
आणि ज्या सॉफ्टवेअरवर हे उभं
त्याच्या आवृत्तीला आता कुणी वाली नाही.
भोकं पडलीत,
भोकांचे पत्ते चोरांना ठाऊक झालेत.

"मंग टाक ना नवीन," मामा म्हणाले.
"बटन तं हाय तिथं, हिरवं."

हिरव्या बटणाला मी हात लावला नाही.
आधी नक्कल.
डेटाबेसची वेगळी, फोटोंची वेगळी,
आणि त्या तीन फायलींची वेगळी
ज्या मामांनी कधीतरी हातानं बदलल्यात
आणि आता कबूल करत नाहीत.
मग त्या नकलेतून माझ्या लॅपटॉपवर
सगळं पुन्हा उभं करून पाहिलं.
न उघडलेली नक्कल म्हणजे कुलूपबंद पेटी,
आत काही आहे, ही आपली समजूत.

चारवरून थेट सहावर जाता येत नाही,
मध्ये पाचव्याच्या ओसरीवर टेकावं लागतं.
प्लगिन एकेक करून झोपवले.
तापमान दाखवणारा,
फोटोंची माळ फिरवणारा,
आणि आलेगेले मोजणारा, ज्याचा आकडा
मामा दात घासायच्या आधी पाहतात.

एक वाजता लॅपटॉपवर सहावी आवृत्ती उघडली.
पळसाच्या जागी
???
कडुनिंबाच्या जागी
????????
काना नाही, मात्रा नाही, झाड नाही.
बारा वर्षं, आणि सगळी प्रश्नचिन्हं.

मामांनी चष्मा पुसला.
त्यांच्या आवाजातली वऱ्हाडी अचानक गळून पडली,
नोकरीतल्या अर्जासारखे बोलले,
"सर्व नोंदी नष्ट झाल्या आहेत का?"

नाही मामा. ही नक्कल आहे.
घाव नकलेवर बसलाय.
तुमचा संगणक तिकडे तसाच घुरघुरतोय, बघा.

जुन्या डेटाबेसनं आपली अक्षरं
परक्या लिपीच्या पोत्यात भरून ठेवली होती.
नव्यानं पोतं उघडलं, त्याला काही वाचता येईना.
पोतं बदलायचं, एकेका तक्त्याचं.
पहिल्यांदा फसलं. दुसऱ्यांदा निम्मं आलं,
अनुस्वार सगळे गहाळ.

मामा मोसंबीच्या फोडी घेऊन बसले.
"जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला न,
तं डोळा फुटेपर्यंत खुंटाचा शेंडा छाटाचा नाई.
काटोलले एका पोरानं पहिल्याच दिवशी छाटला.
चारशे खुंट.
संत्रं बी नाई, जंबेरी बी नाई."
मग बिया हातावर घेऊन कितीतरी वेळ गप्प.

तीनला दहा कमी असताना
पडद्यावर आधी एक क आला,
मग डु, मग निं, टिंबासकट.

खरा संगणक पहाटे हलवला,
दारावर पाटी लावून,
'झाडं मोजणं सुरू आहे, थोड्या वेळानं या.'
तीच पायरी, तोच क्रम, या वेळी हात थरथरला नाही,
किंवा थरथरला, कूलरमुळे कळलं नाही.
तापमानवाला मात्र जागा झालाच नाही.
त्याच्या कर्त्यानं काम सोडलंय कधीचं.
"जाऊ दे," मामा म्हणाले, "खिडकी हाय ना."

जुनी आवृत्ती पेनड्राइव्हमध्ये,
पेनड्राइव्ह शेवग्याच्या बियांच्या डब्यात,
डब्यावर चिकटपट्टी, मामांचं वळणदार अक्षर:
१७ मे. महिनाभर छाटू नये.